चेहरा न घडवता जपलेली आठवण : ब्राँझ आणि रेशमातून मॅल्कम एक्स उभा करणाऱ्या बार्बरा चेस-रिबू

मोहरमचा चांद दिसला की औसा, उदगीर, कंधारकडच्या गावांत आशुरखान्यातल्या पेट्या उघडतात. वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेले पंजे बाहेर निघतात. घासून-पुसून लखलखीत केले जातात, काठीवर चढतात. मग त्यांना हिरवं-लाल कापड बांधलं जातं, फुलांचा सेहरा चढतो आणि सवारी बसते. गावातले हिंदू शेजारीही मोठ्या श्रद्धेनं येतात.

अलम, डोले यांबाबत आपल्यात वेगवेगळी मतं आहेत. तो वाद इथे काढायचा नाही. फक्त एक गोष्ट बघा. त्या सवारीत कुणाचा चेहरा नसतो. वर धातू असतो, खाली कापड असतं आणि दोन्ही मिळून करबलाची, म्हणजे सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या शहादतीची आठवण जागी करतात. तस्वीर नाही, बुत नाही, तरीही समोरच्याला कळतं की इथे कुणाची तरी याद उभी आहे.

धातू, कापड आणि इतिहास. याच तीन गोष्टी हाताशी घेऊन अमेरिकेत जन्मलेल्या एका शिल्पकार बाईंनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं नाव बार्बरा चेस-रिबू. त्यांनी आपले पंजे पाहिले होते, असं आमचं म्हणणं नाही. त्या मुस्लिमही नाहीत. पण त्यांची सगळ्यात गाजलेली शिल्पं ज्या माणसाच्या नावानं आहेत, त्याचं नाव आपल्या घरांत माहीत आहे : मॅल्कम एक्स, म्हणजेच अल-हाज मलिक अल-शाबाज. म्हणून त्यांचं काम नेमकं काय आहे, ते कसं बनतं आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, ते समजून घेऊ.

शाळकरी वयात संग्रहालयात चित्र

बार्बरा यांचा जन्म 1939 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या एकुलत्या एक. लहानपणापासून त्यांना चित्रकलेच्या वर्गाला पाठवलं गेलं. 1955 च्या सुमारास, शाळकरी वयातच त्यांचं एक लाकडी ठशाचं चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं विकत घेतलं. अमेरिकेत बसमध्ये, शाळेत, हॉटेलात रंगावरून माणसं वेगळी बसवली जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढे टेम्पल विद्यापीठाच्या टायलर कला महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. 1957 मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या रोमला गेल्या. तिथे पहिल्यांदा त्यांनी ब्राँझ ओतायला सुरुवात केली. त्याच हिवाळ्यात त्या इजिप्तला गेल्या आणि काही महिने तिथे राहिल्या. तोपर्यंत त्यांना शिकवलेली कला म्हणजे ग्रीस, रोम आणि युरोप. इजिप्तमध्ये त्यांच्यासमोर त्याहून कितीतरी जुनी, भव्य कला उभी होती आणि ती आफ्रिकेच्या मातीतली होती. मोठी कला युरोपातच जन्मते हा समज तिथे गळून पडला.

परत येऊन 1960 मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं. मग त्या पॅरिसला स्थायिक झाल्या. फ्रेंच छायाचित्रकार मार्क रिबू यांच्याशी 1961 मध्ये लग्न झालं, दोन मुलं झाली. संसार, मुलं, प्रवास आणि काम हे सगळं एकदमच चालू होतं. 1965 मध्ये त्या चीनलाही जाऊन आल्या. त्या काळात अमेरिकन माणसाला तिथे प्रवेश मिळणं फार दुर्मीळ होतं.

ब्राँझ म्हणजे काय, ते ओततात कसं?

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. मराठीत आपण त्याला कांसं म्हणतो. आजीच्या घरी तळपायाला तेल लावून घासायची काशाची वाटी असायची ना, तोच धातू.

ब्राँझचं शिल्प ओतायची एक जुनी पद्धत मेणाची आहे. आधी मेणात आकार घडवायचा. त्यावर मातीचा किंवा प्लास्टरचा जाड थर द्यायचा. मग तो भट्टीत तापवायचा. आतलं मेण वितळून निघून जातं आणि तेवढी पोकळी राहते. त्या पोकळीत हजार अंशांहून जास्त तापलेला धातू ओतायचा. थंड झाला की साचा फोडायचा. म्हणजे मेण जातं, आकार मागे राहतो. भारतात ढोकरा काम करणारे कारागीर आजही याच तत्त्वावर काम करतात.

बार्बरा यांनी या पद्धतीत आपली स्वतःची वाट काढली. मेणाचा गोळा घडवण्याऐवजी त्या मेणाचे पातळ पत्रे करायच्या. कापड घडी घालावं तसे ते पत्रे दुमडायच्या, चुणायच्या, कापायच्या, एकावर एक जोडायच्या. मग ते ओतले जायचे. म्हणून त्यांचं ब्राँझ पाहिलं की धातू नव्हे, चुरगळलेलं जाड वस्त्र वाटतं. कडक वस्तू मऊ दिसू लागते.

पाय झाकायला आलेलं रेशीम

आता कापड कुठून आलं, ते बघा. उभं शिल्प कशावर तरी टेकवावं लागतं. खाली चौथरा किंवा लोखंडी पाय दिसतातच. बार्बरा यांना ते खटकत होतं. आफ्रिकेतल्या मुखवट्यांत वर लाकडी चेहरा असतो आणि खाली गवताचा, धाग्यांचा घोळदार झगा असतो. नाचणाऱ्याचे पाय त्यात झाकले जातात. ही कल्पना त्यांना भावली. पॅरिसमध्ये शीला हिक्स नावाच्या धागाकामातल्या मोठ्या कलाकार होत्या. त्यांच्याकडून बार्बरा यांनी दोर वळणं, पेड घालणं, गाठी मारणं समजून घेतलं.

मग वर घडीघडीचं ब्राँझ आणि त्याखाली रेशमाचे, लोकरीचे जाड पेड, वेण्या, गोंडे जमिनीपर्यंत सोडलेले, असं शिल्प तयार झालं. आधार आत लपला. पाहणाऱ्याला वाटतं की एवढं जड ब्राँझ त्या मऊ रेशमाच्या जोरावरच उभं आहे. जे नाजूक ते भार पेलतंय आणि जे जड ते तरंगतंय. त्यांच्या सगळ्या कामाचं मर्म या उलटापालटीत आहे.

1973 च्या सुमारास त्यांनी क्लिओपात्राच्या नावानं एक झगा केला. त्यात ब्राँझचे चौकोनी तुकडे ओतून ते तारेनं एकमेकांना जोडले, जणू धातूची गोधडीच. चीनमध्ये 1968 साली एका राजघराण्यातल्या जोडप्याच्या कबरीत जेड दगडाच्या तुकड्यांचे शिवलेले कफन सापडले होते. त्यांच्याशी या झग्याचं नातं आहे.

मॅल्कमचं शिल्प, पण मॅल्कमचा चेहरा नाही

मॅल्कम एक्स यांचा जन्म 1925 चा. तरुणपणी तुरुंगात गेले, तिथे वाचनाला लागले, 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेत आले आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी आग ओकणारे वक्ते बनले. 1964 मध्ये त्यांनी ती संघटना सोडली आणि त्याच वर्षी हज केली. मक्केत गोरे, काळे, सावळे सगळे एकाच रांगेत नमाज पढताना, एकाच ताटात जेवताना त्यांनी पाहिले आणि माणसांकडे बघण्याची त्यांची नजर बदलली. 21 फेब्रुवारी 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये भाषणाला उभे असताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघं 39 वर्षं.

1969 मध्ये बार्बरा अल्जीरिया देशातल्या अल्जीयर्स शहरात आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सवाला गेल्या होत्या. आफ्रिकेतले नुकतेच स्वतंत्र झालेले देश आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय कार्यकर्ते तिथे एकत्र आले होते. त्याच वर्षी त्यांनी मॅल्कमच्या नावानं शिल्पं करायला घेतली. त्यांना त्या 'स्टेले' म्हणतात. स्टेले म्हणजे कुणाच्या आठवणीत उभा केलेला दगड. आपल्याकडे कबरीच्या उशाशी दगड असतो, गावाच्या शिवेवर वीरगळ उभे असतात, तसाच हा प्रकार. 1970 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्या चार स्टेले मांडल्या गेल्या.

या शिल्पांत नाक नाही, डोळे नाहीत, चष्मा नाही, भाषणासाठी उंचावलेला हात नाही. माणसापेक्षा उंच, ताठ उभा आकार आहे. वर धातूच्या लाटा आणि खाली रेशमाचा प्रवाह.

तेव्हा यावर टीकाही झाली. एवढं महागडं रेशीम, एवढं चकचकीत ब्राँझ आणि नाव मात्र एका लढवय्याचं, हे जुळत नाही, असं न्यूयॉर्कच्या समीक्षेत म्हटलं गेलं. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण राजे-महाराजांची, सेनापतींची स्मारकं उंची धातूत होतात तेव्हा कुणी खर्च विचारत नाही. ज्याला 'एक्स' हे आडनाव घ्यावं लागलं, कारण त्याच्या वाडवडिलांचं खरं नावच गुलामीत पुसलं गेलं होतं, त्याच्या वाट्याला मात्र साधंच काहीतरी यावं, अशी अपेक्षा का? बार्बरा यांनी उत्तर भाषणातून दिलं नाही. त्या काम करत राहिल्या. 1969 ला सुरू झालेली ही मालिका 2017 मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, विसाव्या शिल्पावर पूर्ण झाली.

इतिहासात जागा न मिळालेली माणसं

बार्बरा लेखिकाही आहेत. 1979 मध्ये त्यांची सॅली हेमिंग्ज यांच्यावरची कादंबरी आली. सॅली या अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मालकीच्या गुलाम स्त्री. जेफरसन यांच्यापासून त्यांना मुलं झाली होती, ही गोष्ट सॅलीच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. मोठमोठे इतिहासकार मात्र ती उडवून लावायचे. कादंबरीवर खूप वाद झाला. 1998 मध्ये वंशजांची डीएनए तपासणी झाली आणि घराण्यातल्या त्या बोलण्याला मोठा आधार मिळाला. आज बहुतेक इतिहासकार ते मान्य करतात.

पुढच्या कादंबऱ्याही याच वाटेवरच्या. उस्मानी सल्तनतीच्या हरममध्ये येऊन वालिदा, म्हणजे सुलतानाची आई, या पदापर्यंत पोहोचलेल्या स्त्रीवर एक. 'अमिस्ताद' जहाजावर बंड करून 1841 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून सुटका मिळवलेल्या आफ्रिकी कैद्यांवर एक. युरोपात तमाशासारखं प्रदर्शन मांडल्या गेलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सारा बार्टमन यांच्यावर एक.

न्यूयॉर्कमधलं त्यांचं 'आफ्रिका रायझिंग' हे शिल्पही असंच. 1991 मध्ये तिथे एका सरकारी इमारतीचा पाया खणताना जमिनीखाली जुनं कब्रस्तान सापडलं. ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं आणि मुक्त कृष्णवर्णीयांचं होतं. शहर वाढलं, वर रस्ते-इमारती झाल्या आणि लोक ते विसरून गेले. चारशेहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. कृष्णवर्णीय समाजानं आवाज उठवला, कामाचा आराखडा बदलावा लागला आणि 2003 मध्ये त्या अवशेषांचं सन्मानानं पुन्हा दफन झालं. त्या इमारतीत 1998 मध्ये बार्बरा यांचं पंख पसरून पुढे झेपावणारं ब्राँझ उभं राहिलं. कब्रस्तानच्या जागेसाठी कचेऱ्यांच्या चकरा मारलेल्या आपल्या वाचकांना या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

मोठी दाद मात्र उशिरा मिळाली. 2022 मध्ये लंडनच्या सर्पेंटाईन दालनात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. 2024 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी, लूव्रसह पॅरिसच्या आठ संग्रहालयांनी एकाच वेळी त्यांचं काम मांडलं.

हे सगळं आपल्यापासून तेवढं लांब नाही

मुंबईत 1949 साली जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी या भारतीय शिल्पकारही धागा आणि ब्राँझ या दोन्ही टोकांना गेल्या. त्यांनी सणाचे दोर रंगवून, हातानं हजारो गाठी मारून माणसापेक्षा मोठी शिल्पं केली आणि 2003 पासून त्या ब्राँझकडे वळल्या. 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याभरातच त्या गेल्या. फरक एवढाच की त्यांनी धागा आणि धातू वेगवेगळ्या काळात हाताळले, बार्बरा यांनी एकाच शिल्पात बांधले.

दख्खनलाही हे काम नवं नाही. मलिक-ए-मैदान तोफ घ्या. 1549 मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ती ओतली गेली. ओतणारा मुहम्मद रूमी हा तुर्कस्तानकडून आलेला उस्ताद. वजन सुमारे 55 टन, धातू ब्राँझच्याच जातीचा, तोंडाला जबडा उघडलेल्या श्वापदाचा आकार. ही तोफ आपल्या शेजारच्या परांडा किल्ल्यावर होती, तिथून ती विजापूरला गेली. एवढं मोठं ओतकाम ज्या मुलखात पावणेपाचशे वर्षांपूर्वी झालं, त्या मुलखातली मुलं आज 'ब्राँझ म्हणजे काय' असं विचारतात.

धाग्याचंही तेच. आपल्यातली आडनावं बघा. मोमीन, अन्सारी म्हणजे विणकर. रंगरेज म्हणजे कापड रंगवणारे. पिंजारी, मन्सुरी म्हणजे कापूस पिंजणारे. पटवेकर म्हणजे दागिने रेशमात ओवणारे, गोंडे बांधणारे. बार्बरा यांना पॅरिसमध्ये जे शिकून घ्यावं लागलं, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोटांत होतं. आपण मात्र ते आडनाव म्हणून फक्त जातीच्या दाखल्यावर वापरतो.

आणि मलिक अंबर? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हात बदलत बदलत बगदादमार्गे दख्खनला पोहोचलेला हबशी गुलाम. निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, 1610 मध्ये खडकी शहर वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं. तिथली पाण्याची नहर त्याचीच. 1626 मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. आपला औशाचा किल्लाही त्या निजामशाहीचाच होता, 1636 मध्ये तो मोगलांकडे गेला. बार्बरा आयुष्यभर ज्या माणसांच्या आठवणी जपत आल्या, विकले गेलेले पण इतिहास घडवून गेलेले, त्यातला एक सगळ्यात मोठा माणूस आपल्याच मातीत झोपलाय. आपल्या मुलांपैकी किती जणांना तो माहीत आहे?

घरातला प्रश्न

दहावी झालेली मुलगी घरी म्हणते, 'अब्बा, मला आर्टला जायचंय, शिल्पकला शिकायचीय.' घरात शांतता पसरते. अम्मी म्हणते, 'अगं बेटा, बुत बनवणार का तू?' दादी कानाला हात लावतात.

ही काळजी खोटी नाही. जिवंत प्राण्यांच्या प्रतिमांबाबत आपल्याकडे दीनी मर्यादा मानल्या जातात. काय जायज, काय नाही, हे आपल्या आलिमांना विचारावं, तो या लेखाचा अधिकार नाही. पण शिल्पकला म्हणजे फक्त पुतळे, हा समज तरी दुरुस्त करून घेऊ. मॅल्कमसारख्या माणसाची याद चेहरा न घडवता उभी करता येते, हे बार्बरा यांच्या वीस स्टेलेंनी दाखवलं. आणि हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. मशिदीच्या मेहराबीवरची खुशखत, जाळीकाम, बिदरचं चांदी ठोकलेलं काम, पैठणीचा आणि हिमरूचा वेलबुट्टा हे सगळं चेहऱ्याशिवायच बोलतं.

शिकायची सोयही आहे. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा मुलांना जरूर द्यायला लावा. बारावीनंतर बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय 1857 पासून चालू आहे, तिथे शिल्पकलाही आहे आणि वस्त्रकलाही. शासकीय कला महाविद्यालयं औरंगाबाद आणि नागपूरलाही आहेत. पुढे वस्त्र डिझाईन, दागिने, ओतकाम, जुन्या वास्तूंची डागडुजी, संग्रहालयं अशा कामाच्या वाटा फुटतात.

आणि ज्यांना कला शिकायची नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना औशाचा किल्ला दाखवायला न्या. बुरुजावर उभं करून मलिक अंबरची गोष्ट सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपलं आडनाव कुठून आलं, आजोबा हातानं काय काम करायचे. वहीत लिहून ठेवा.

सॅली हेमिंग्जच्या घरच्यांनी आपली गोष्ट दोनशे वर्षं तोंडी जपली, म्हणून ती जगापुढे आली. आपल्या घरातली गोष्ट आपण सांगितली नाही, तर ती दुसरं कोण सांगणार?